रविवर्म्यांची चित्रे आणि यंत्रज्ञ

मल्लेश्वरमच्या जुन्या घरांतील लक्ष्मी-सरस्वतीची छापील चित्रे पाहताना राजा रविवर्मा आठवतात. ती छापणारा यंत्रज्ञ आठवत नाही. रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला व पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. जर्मनीहून आलेले तेथील मुद्रणतंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायखर यांनीच तो अखेर विकत घेतला. शिळामुद्रणात प्रत्येक रंगास स्वतंत्र दगड लागे आणि कागद तितक्याच वेळा यंत्रातून जाई. कागद केसभर सरकला तरी ओठांचा रंग ओठांबाहेर पडे. चित्रकाराचे मूळ चित्र एकच. देवघरात पोहोचलेली देवतेची मुद्रा मात्र यंत्र जुळविणाऱ्या हातावर अवलंबून असे. साहित्याच्या संक्रमणात भाषांतरकाराचे जे स्थान, तेच येथे यंत्रज्ञाचे होय. मुद्रित संस्कृतीच्या इतिहासाने त्याची नोंद घेतली पाहिजे.