गवताळ मैदानातील मशीद

अमेरिकेच्या उत्तर सीमेवर नॉर्थ डकोटा हे राज्य आहे. त्यात माउंट्रेल नावाचा एक लहानसा ग्रामीण जिल्हा आहे. दूरवर पसरलेली गवताळ मैदाने, गव्हाची शेते आणि हाडे गोठवणारी थंडी ही त्याची ओळख. २०२० च्या जनगणनेत येथील लोकसंख्या दहा हजारांहूनही कमी होती. पण एवढ्याशा जिल्ह्यात किती प्रकारचे लोक आले, हे वाचून तुम्हांला नवल वाटेल.

या भागातील मूळ रहिवासी मंडन, हिदात्सा आणि अरिकारा या जमातींचे. मिसुरी नदीकाठच्या सुपीक जमिनीत ते मका, घेवडा व भोपळा पिकवत. बाहेरून आलेल्यांची वस्ती वाढली, तसा त्यांचा प्रदेश कमी कमी होत गेला. पुढे सरकारने नदीवर गॅरिसन धरण बांधायचे ठरवले. १९४८ साली जमीन देण्याच्या करारावर सह्या होत असताना जमातींचे अध्यक्ष जॉर्ज जिलेट यांना रडू आवरले नाही. धरण झाले आणि नदीकाठची गावे पाण्याखाली गेली. लोकांना उंच माळावर नव्याने संसार मांडावे लागले.

नवे रहिवासी आले ते जमिनीच्या ओढीने. १८६२ च्या कायद्यानुसार सरकार १६० एकर जमीन नाममात्र पैशांत देत असे. मात्र तेथे घर बांधून पाच वर्षे राहावे लागे व जमीन कसावी लागे. त्यासाठी नॉर्वेतून अनेक शेतकरी आले. १९०० नंतर आजच्या सीरिया-लेबनॉनच्या भागातून काही मुस्लिम कुटुंबे रॉस या गावाजवळ आली. प्रथम ते घराघरांत नमाज पढत. १९२९ साली त्यांनी मशीद बांधली. ती अर्धी जमिनीखाली होती. तिला घुमट नव्हता की मिनार नव्हता. अमेरिकेतील सर्वांत जुन्या मशिदींमध्ये तिची गणना होते.

पुढे दुष्काळ पडला. अनेक जण गाव सोडून गेले. मुलांची अरबी सुटली. काहींचे विवाह शेजारच्या ख्रिस्ती घरांत झाले. मशीद ओस पडली आणि १९७० च्या दशकात ती पाडण्यात आली. कबरस्तान मात्र राहिले. त्याच्याजवळ २००५ साली जुन्या कुटुंबांच्या वंशजांनी एक छोटी मशीद उभारली. तिला घुमटही आहे आणि मिनारही.

पाण्याखाली गेलेली गावे पुन्हा वर येत नाहीत आणि पाडलेली इमारत तशीच परत मिळत नाही. पण आपले पूर्वज कोण होते, हे विसरायचे नाही, असे लोकांनी ठरवले, तर गावाचा इतिहास जिवंत राहतो.