अर्धा तास थांबायची तयारी असेल तर

सिंगापूरच्या चायनाटाउन कॉम्प्लेक्सच्या दुसऱ्या मजल्यावर खाण्याचे २६०हून अधिक गाळे आहेत. देशातलं हे सर्वांत मोठं हॉकर सेंटर. नूडल्सची वाटी इथे दोन-तीन मिनिटांत हातात येते, चिकन राइसचं ताट त्याहूनही लवकर. त्याच मजल्यावर काही मोजक्या गाळ्यांच्या आसपास मात्र माणसं नुसती बसून राहिलेली दिसतात. समोर बार्लीचं पाणी किंवा लिंबाचं सरबत, हातात मोबाइल आणि टेबलावर खायला काहीच नाही. ही मंडळी क्लेपॉट राइसची, म्हणजे मडक्यात शिजणाऱ्या भाताची वाट पाहत असतात.

मी मूळची देवगडची. नोकरीमुळे सिंगापुरात राहते. जहाजांनी येणाऱ्या-जाणाऱ्या मालाची कागदपत्रं बघणं हे माझं काम. भात नसेल तर जेवण झालं असं न मानणाऱ्या घरात वाढले, त्यामुळे परक्या मुलखात कोण कसा भात शिजवतं यावर माझी नजर असते. सिंगापुरात भाताला तोटा नाही. हैनानी चिकन राइस आहे, नारळाच्या दुधातला मलय नासी लमाक आहे, लिटिल इंडियात बिर्याणी आहे. पण हे सगळे भात मोठ्या पातेल्यात आधीच शिजून तयार असतात आणि मागाल तसे वाढले जातात. तुमच्या नावाने कच्चे तांदूळ चुलीवर चढतात ते फक्त क्लेपॉट राइससाठी. म्हणून मला तो आवडतो आणि म्हणूनच तो हळूहळू दुर्मिळ होत चालला आहे, असं मला वाटतं.

मागवण्याची पद्धत आधी सांगते. प्रथम टेबल धरायचं. त्यासाठी टेबलावर टिश्यू पेपरचं पाकीट ठेवून द्यायचं. सिंगापुरात सगळे हा हक्क मानतात. याला इथे ‘चोप करणं’ म्हणतात. मग गाळ्यावर जायचं. गाळा चालवणारी बाई कितीही वयाची असली तरी ती ‘आंटी’ आणि पुरुष असला तर ‘अंकल’. आंटी विचारते: किती माणसं? खारा मासा घालू? भाजी वेगळी हवी? आणि शेवटी, “अर्धा तास लागेल, चालेल?” हा प्रश्न शिष्टाचार म्हणून विचारलेला नसतो. तो ऐकून बरेच जण मान हलवून शेजारच्या गाळ्याकडे वळतात. तुम्ही “चालेल” म्हणालात की ती तुमच्या टेबलाचा नंबर कागदावर टिपते आणि मागे वळून तांदूळ घेते.

मडक्यात पडतं ते असं. लांब दाण्याचा सुवासिक तांदूळ, बहुधा थायलंडचा. आलं, सोया सॉस, तिळाचं तेल आणि थोडी तांदळाची दारू लावून मुरवलेले कोंबडीचे हाडासकट तुकडे. लाप चोंग, म्हणजे डुकराच्या मांसाचं आणि चरबीचं वाळवलेलं, चवीला गोडसर सॉसेज. काही गाळ्यांवर त्याच्या जोडीला यकृताचं काळपट सॉसेज आणि वाळवलेलं डुकराचं पोटाचं मांसही असतं. आणि खाऱ्या माशाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा. या माशाची ओळख पटली तेव्हा मला फार बरं वाटलं. मलय लोक ज्याला कुराऊ म्हणतात आणि कॅन्टनी लोक ज्याचा उत्तम खारा मासा करतात, तो आपल्या रावसाच्याच कुळातला. बांगडा, सुरमई मिठात घालून पावसाळ्याची बेगमी करणाऱ्या कोकणी माणसाला त्याचा वास अजिबात परका वाटत नाही. भाताच्या वाफेत तो तुकडा विरघळत जातो आणि त्याचा खारटपणा अख्ख्या मडक्याला पुरतो.

आता शिजवण्याकडे या. गाळ्याच्या मागच्या भिंतीला शेगड्यांची रांग असते आणि प्रत्येक शेगडीवर एक मडकं. मडकं बुटकं, एका बाजूला दांडा असलेलं, आतून झिलई दिलेलं, बाहेरून खरखरीत. त्याला बाहेरून तारेची जाळी आवळलेली असते. तडा गेला तरी मडकं लगेच उकलू नये म्हणून ही जाळी. भिजवलेले तांदूळ आणि बेताचं पाणी घालून आधी मोठी आच देतात. पाणी आटत आलं की भाताच्या अंगावर छोटी छोटी भोकं दिसू लागतात. हीच खूण. या क्षणी झाकण उघडून कोंबडी आणि सॉसेज वर पसरतात, झाकण परत लावतात आणि मडकं मंद शेगडीवर सरकवतात. चुलीवर उकळी आली की माझी आजी भाताचं पातेलं वैलावर ओढून घ्यायची, तेच हे तंत्र. पुढे मडकं सरळ ठेवून भागत नाही. ते थोडं तिरकं करून एका कडेला आच देतात, मग फिरवून दुसऱ्या कडेला, असं चारी बाजूंनी. तळाबरोबर कडांनाही खरवड धरावी म्हणून ही खटपट. शेवटी काठाने तेलाची धार सोडतात, तेव्हा आतून तडतड ऐकू येते.

इतकं सगळं मातीतच का करायचं, स्टीलच्या पातेल्यात का नाही, याचं उत्तर उष्णतेच्या वागण्यात आहे. भाजलेली माती उष्णतेची वाईट वाहक. ॲल्युमिनियम तिच्यापेक्षा शंभर पटींहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेतं. त्यामुळे मडकं तापायला वेळ घेतं. पण एकदा तापलं की आचेतले छोटे चढउतार भातापर्यंत पोचत नाहीत आणि शेगडीवरून उतरवल्यावरही ते बराच वेळ आतल्या भाताला शेकत राहतं. मातीत वाळू मिसळलेली असते. आगीवर फुगताना आणि निवताना पडणारा ताण वाळूच्या कणांमुळे विखुरला जातो, म्हणून हे मडकं उघड्या जाळावर टिकतं. तरी तापलेल्या मडक्यात थंड पाणी ओतलं तर ते फुटायचंच.

भातात घडतं ते दोन टप्प्यांत. साधारण ६५ ते ७५ अंश सेल्सियसला तांदळातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि दाणा मऊ होतो. मडक्यात पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या आसपासच घुटमळतं. भात शिजतो, करपत नाही. पाणी संपलं की तळाचं तापमान चढू लागतं. १४० अंशांच्या पुढे साखर आणि अमिनो आम्लं यांच्यातली ती प्रसिद्ध प्रक्रिया वेग घेते, जिचं वर्णन फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामिय मायार यांनी १९१२ साली केलं. पावाचा तांबूस पापुद्रा, भाजलेल्या कॉफीचा वास आणि मडक्यातली सोनेरी खरवड ही सगळी तिचीच करामत. आणखी थोडं पुढे गेलं की काळं आणि कडू. सोनेरी आणि काळं यांच्यामध्ये काही मिनिटांचंच अंतर असतं, आणि ते अंतर आंटी वासावरून आणि आवाजावरून ओळखते. एका वेळी दहा मडकी, दहा वेगवेगळ्या टप्प्यांवर. गाळ्यावरचं खरं कसब हेच.

मडकं टेबलावर येतं तेव्हा ते आणणारा माणूस “हॉट, हॉट!” असं ओरडत येतो आणि त्याचं ऐकायचं. सोबत काळ्या सोया सॉसची बाटली आणि तेल. हा सोया सॉस दाट, काळाकुट्ट आणि किंचित गोड असतो, खारटपणा बेताचा. हाँगकाँगला मडक्यावर घालतात तो पातळ आणि फिका. सिंगापूर-मलेशियाच्या मडक्याचा भात तपकिरी दिसतो तो या दाट सॉसमुळे. सॉस गोल फिरवून घालायचा, वरचा भात आणि कोंबडी चमच्याने हलक्या हाताने कालवायची, पण तळाला चमचा लावायचा नाही. आधी वरचा मऊ भात संपवायचा. तोवर मडक्याच्या स्वतःच्या उष्णतेवर खरवड आणखी कुरकुरीत होते. मग धातूच्या चमच्याने ती कडांपासून सोडवत आणायची. ऑफिसातली माझी शेजारीण कॅन्टनी घरातली. खरवड निघाली नाही तर ती त्यात थोडं गरम सूप ओतते आणि दोन मिनिटांनी मऊ झालेली खरवड खाते. मला ती कोरडीच आवडते. यावर आमचं एकमत होण्याची चिन्हं नाहीत.

हा भात मूळचा दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांताचा, कॅन्टनी लोकांचा. तिथे आणि हाँगकाँगला तो हिवाळ्याचा पदार्थ. सॉसेज आणि मांस चिनी वर्षाच्या शेवटच्या महिन्यात कोरड्या, थंड वाऱ्यात टांगून वाळवायची परंपरा आहे, त्यामुळे नवा माल बाजारात येतो तोही थंडीतच. हाँगकाँगच्या टेंपल स्ट्रीटच्या परिसरात थंडी पडली की या भातासाठी रांगा लागतात. ग्वांगडोंगमधून पोट भरायला दक्षिणेकडे निघालेल्या लोकांबरोबर तो मलाया आणि सिंगापूरला आला. विषुववृत्ताला जवळजवळ चिकटलेल्या या बेटावर हिवाळाच नाही, तेव्हा इथे तो बारा महिने खातात, घाम पुसत. कारण हॉकर सेंटरला एसी नसतो. छताला पंखे आणि चारी बाजूंनी उघडं. एसी असतो तो मॉलमधल्या फूड कोर्टात. ते खासगी कंपन्यांचे आणि तिथली भाडीही तशीच.

या फरकावर मडक्याच्या भाताचं भवितव्य बरंचसं टांगलेलं आहे. एके काळी सिंगापूरचे हॉकर रस्त्यावर हातगाड्या लावत. नळाचं पाणी नाही, सांडपाण्याची सोय नाही, अशी अवस्था. १९७१ ते १९८६ या काळात सरकारने पाणी, वीज आणि गटारं असलेली सेंटरं बांधून या विक्रेत्यांना तिथे हलवलं. चायनाटाउन कॉम्प्लेक्सही आजूबाजूच्या गल्ल्यांतल्या अशाच विक्रेत्यांसाठी उभं राहिलं. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने सिंगापूरच्या हॉकर संस्कृतीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. वारसा म्हटलं की कौतुक होतं; हिशेब मात्र रोज जुळवावा लागतो. समजा, एका गाळ्यावर दहा शेगड्या आहेत आणि एक मडकं शेगडी अर्धा तास अडवतं. म्हणजे तासाला फार तर वीस मडकी. शेजारचा नूडलवाला एकट्या कढईवर तासाला तीस ताटं सहज काढतो. हिशेब जमवायचा तर मडक्याचा भात महाग हवा. पण हॉकर सेंटरमध्ये स्वस्त खायची लोकांना सवय आहे. याच मजल्यावरच्या चान हॉन मेंग यांच्या सोया सॉस चिकनच्या गाळ्याला २०१६ साली मिशेलिनचा तारा मिळाला, तेव्हा तिथे चिकन राइसचं ताट दोन सिंगापूर डॉलरला मिळत होतं. अशा शेजारात अर्ध्या तासाच्या कष्टाचे पैसे मागणं कठीण.

मग वाटा काढल्या जातात. काही ठिकाणी भात आधीच मोठ्या कुकरमध्ये शिजवून ठेवतात आणि मागणी आली की मडक्यात भरून तापवतात. काही ठिकाणी वेळ आणि तापमान लावून ठेवलेली विजेची यंत्रं आली आहेत. मडकं ठेवायचं, बटण दाबायचं. यंत्राचा भात वाईट नसतो, त्याला तळाला खरवडही येते, पण कडा बहुतेक वेळा कोऱ्या राहतात, कारण मडकं तिरकं करायला कुणी नसतं. कुकरच्या भाताची चोरी पकडणं त्याहून सोपं. मडकं दहा मिनिटांत आलं तर तो आधीच शिजलेला होता, हे उघड आहे. दुसरी खूण सॉसेजखालच्या भाताची: कच्च्यापासून एकत्र शिजलेल्या मडक्यात लाप चोंगची चरबी झिरपून त्याच्या खालचा भात चकचकीत आणि गोडसर झालेला असतो. नंतर वर ठेवलेल्या सॉसेजखाली तो पांढरा आणि कोरडा राहतो.

लाकडी कोळशावर शिजवणारे गाळे तर आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. चायनाटाउन कॉम्प्लेक्समधला लियान हे बेन जी त्यांतला नावाजलेला. मिशेलिनने कमी पैशांत चांगलं जेवण देणाऱ्यांच्या बिब गुरमाँ यादीत त्याचं नाव घेतलं. सिंगापूरचे हॉकर सरासरीने साठीच्या आसपास पोचले आहेत आणि त्यांच्या मुलांना एसी ऑफिसात नोकऱ्या आहेत. दिवसभर निखाऱ्यांसमोर उभं राहून मडकी फिरवायचं काम त्यांनी पत्करावं, असं सांगायचा अधिकार मला नाही. मीही भातशेती मागे टाकूनच इथे आले. पण या भाताची किंमत दोन-चार डॉलरने वाढली तर कुरकुर करू नये, एवढं तरी गिऱ्हाइकाच्या हातात आहे.

तेव्हा सिंगापूरला आलात तर संध्याकाळी जरा लवकर जा, पोट पूर्ण रिकामं ठेवून जाऊ नका आणि माणसांच्या मानाने मडकं मोठं मागवा, कारण मोठ्या मडक्याला खरवड जास्त असते. ज्यांना डुक्कर चालत नाही त्यांचं फक्त कोंबडीचं मागवून भागत नाही, कारण मडकी आणि चमचे सर्वांना तेच असतात. त्यांनी हलाल पाटी असलेला गाळा शोधावा आणि शाकाहाऱ्यांनी चिनी शाकाहारी गाळा. जेवण झाल्यावर ट्रे आणि भांडी ठरलेल्या जागी नेऊन ठेवा. २०२१पासून ते सक्तीचं आहे आणि पुन्हा पुन्हा चुकलात तर दंड होतो. आणि आंटीने “अर्धा तास लागेल, चालेल?” असं विचारलं, तर खुशाल “चालेल” म्हणा. घाई असेल त्या दिवशी चिकन राइस आहेच.