कादंबरीचा पहिला खर्डा आणि बोलीचे संस्करण

कादंबरीचा पहिला खर्डा पुरा झाल्यावर लेखक त्यावरून दुसरा हात फिरवितो, तेव्हा तो नेमके काय करतो? या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः रचनेच्या अंगाने दिले जाते. एखादे प्रकरण गळते, एखादे पात्र मागे सरते, पाल्हाळ आवरला जातो. हे खरेच आहे. परंतु ज्या कादंबरीतील माणसे प्रमाण मराठी बोलत नाहीत, तिच्या संस्करणाचा अधिक अवघड भाग संवादांच्या पानांवर असतो, आणि त्याचा विचार साहित्यसमीक्षेइतकाच भाषाशास्त्रानेही करावयास हवा. येथे तो वऱ्हाडी बोलीच्या आधारे केला आहे.

मराठी कादंबरीला आरंभी दुसऱ्या हाताची सवड थोडीच होती. हरिभाऊ आपटे यांची ‘पण लक्ष्यांत कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणूक’ पत्रातून क्रमशः येऊ लागली. क्रमशः प्रसिद्धीत मागचे प्रकरण वाचकांच्या हाती गेलेले असते, ते परत घेता येत नाही. पुढे सवड मिळाली तरी तिचा उपयोग मुख्यतः कथानकासाठी झाला. बोली बहुधा गडी, मोलकरीण किंवा विनोदी पात्र यांच्या तोंडी दोन-चार वाक्यांपुरती येत असे, आणि तेवढ्यासाठी ‘न्हाय’, ‘हाय’ अशी काही ठरावीक रूपे पुरत. ती कोणत्या मुलखातील, याची चौकशी कोणी करीत नसे.

उद्धव ज. शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) या कादंबरीने ही स्थिती पालटली. दारिद्र्याशी झुंजणारी कौतिक सबंध कादंबरीभर वऱ्हाडीत बोलते, आणि तिच्या बोलण्यावर वाचक हसत नाही. निवेदन प्रमाण भाषेकडे झुकलेले आणि संवाद बोलीत, अशी ही योजना आहे. ती पेलायची तर प्रत्येक पानावर निर्णय करावे लागतात, आणि पहिल्या खर्ड्यात ते सारे एकसारखे उतरणे शक्य नसते. लिहिण्याच्या ओघात लेखकाचा हात शाळेत शिकलेल्या रूपांकडे वळतो. एकच पात्र एका ओळीत ‘मले’ म्हणते आणि दुसऱ्या ओळीत ‘मला’. मग दुसऱ्या वाचनात एकसारखेपणा आणावा अशी इच्छा होते, आणि खरा घोटाळा येथून सुरू होतो.

वऱ्हाडीत अनेकांच्या उच्चारात स्वरांमधील ‘ड’चा ‘ळ’ होतो : गाडी–गाळी, घोडा–घोळा. त्याच बोलीत मूळच्या ‘ळ’चा ‘य’ होतो : काळा–काया, जवळ–जवय. आता लेखकाने खर्ड्यात आधी ‘ड’चे ‘ळ’ केले आणि मग सर्व ‘ळ’चे ‘य’ केले, तर ‘गाडी’ची ‘गाळी’ आणि ‘गाळी’ची ‘गायी’ होईल. बैल जुंपायचे ते गाईंना! उलट क्रमाने गेल्यास हा अनर्थ टळतो. व्याकरणाच्या अभ्यासकाला येथे अष्टाध्यायीच्या अखेरच्या तीन पादांतील असिद्धत्वाची आठवण होईल. एका नियमाने सिद्ध झालेले रूप दुसऱ्या नियमाला दिसू नये, अशीच ही व्यवस्था आहे. शिवाय शब्दारंभीचा ‘ड’ जागचा हलत नाही. ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. त्याचा ‘ळोया’ करणारा लेखक वऱ्हाडात कधी गेला नसावा.

रूपांची गोष्ट याहून नाजूक आहे. प्रमाण मराठीत ‘येईन’ आणि ‘येईल’ यांतील शेवटचे अक्षर कर्ता सांगते, म्हणून कर्ता गाळला तरी चालते. वऱ्हाडीत ‘मी येईन’ आणि ‘तो येईन’ ही दोन्ही रूपे एकच. खर्ड्यात ‘उद्या येईन’ एवढेच लिहिलेले असेल, तर कोण येणार हे वाचकाला कळत नाही. बोलीत ते प्रसंगावरून आणि हातवाऱ्यावरून कळते. येथे संस्करण म्हणजे शब्द बदलणे नव्हे. आधीच्या वाक्यात त्या माणसाचे नाव आणून ठेवणे, हे त्याचे काम आहे. तीच गोष्ट ‘तो जेवून राहिला’ या वाक्याची. वऱ्हाडी कानाला तो या क्षणी जेवत आहे. पुण्याच्या वाचकाला तो जेवला आणि मुक्कामाला राहिला. मुद्रितशोधकाने ‘सुधारलेली’ अशी वाक्ये बोलीच्या कादंबऱ्यांत पुष्कळदा अर्थाला मुकतात.

तरीही पूर्ण एकसारखेपणा हा दोषच ठरेल. समजा, एखादे पात्र पेढी नदीकाठच्या वलगावचे आहे. अमरावती जवळ, कचेरी, बाजार, दवाखाना यांसाठी त्याला तेथे जावे लागते. ते घरी बायकोला ‘काय वं’ म्हणेल, शेजाऱ्याला ‘काय गा’ म्हणेल, ‘बैलाईले पानी दाखव’ असे पोराला सांगेल. पण तहसील कचेरीतील कारकुनापुढे ‘साहेब, मला दाखला पाहिजे होता’ असेही म्हणेल. खर्ड्यातील ‘मले’–‘मला’ हा भेद अशा ठिकाणी चूक नसून निरीक्षण असते. तो पुसला की माणसाची भीड, त्याचे शहाणपण आणि क्वचित त्याचा अपमानही पुसला जातो. म्हणून बोलीचे संस्करण प्रकरणवार न करता पात्रवार आणि प्रसंगवार करणे अधिक सयुक्तिक होय. एका पात्राची सर्व वाक्ये सलग वाचावीत, आणि ती मोठ्याने वाचावीत.

मोठ्याने वाचण्याला या मुलखात आधारही आहे. गाडगे महाराजांचे निधन २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येताना याच वलगावजवळ झाले. त्याच वर्षी मुंबईत वांद्रे येथे झालेल्या त्यांच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. श्रोत्यांना प्रश्न विचारीत, त्यांची उत्तरे उचलून पुढे जाणारी ती वाणी ऐकली म्हणजे कागदावरच्या वऱ्हाडीत काय हरवते हे ध्यानात येते : उच्चार फारसे हरवत नाहीत, वाक्याची लय हरवते. लेखक रूपे तपासतो, लय तपासण्याचे सहसा विसरतो. शेजारच्या मोर्शी तालुक्यातील ऋद्धिपुराशी निगडित ‘लीळाचरित्रा’साठीही म्हाइंभटाने प्रत्यक्ष ऐकणाऱ्यांकडून आठवणी मिळविल्या आणि नागदेवाचार्यांकडून त्या पारखून घेतल्या, हे येथे आठवते.

राहिला परक्या वाचकाचा प्रश्न. टॉल्स्टॉयच्या ‘युद्ध आणि शांती’त रशियन उमराव फ्रेंच बोलतात. १८७३ च्या आवृत्तीत त्याने ते फ्रेंच संवाद रशियनमध्ये आणले. १८८६ च्या आवृत्तीत फ्रेंच पुन्हा परतले. परक्या भाषेत बोलणे हाच त्या उमरावांच्या स्वभावाचा भाग होता, तो भाषांतरात उरला नव्हता. वऱ्हाडी कादंबरीला एवढी उलथापालथ करावी लागत नाही. ‘ईस’ म्हणजे वीस आणि ‘इहीर’ म्हणजे विहीर हे सातारचा वाचक दोन पानांत शिकतो. ज्या शब्दांचा अर्थ प्रसंगातून उलगडत नाही, तेवढ्यांचीच सूची शेवटी द्यावी; कंसातले अर्थ संवादाच्या मध्ये घालू नयेत, कारण कोणतेही पात्र बोलताना कंस करीत नाही.