सॅक पाठीला, वाट बारवेची

मराठवाड्यातली दोस्तमंडळी फिरायला निघाली की वेरूळ, अजिंठा, माहूर ही नावं ठरलेली. सेलू तालुक्यातल्या वालूरचं नाव कुणी काढत नाही. खरं तर पाठीला सॅक लावून पायी भटकावं असंच हे गाव आहे. वाल्मीकी ऋषींशी त्याचं नातं सांगतात. पण आम्ही गेलो ते बारवेसाठी, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीसाठी.

बारवा आपल्याकडे गावोगाव आहेत. एका बाजूने पायऱ्या असतील तर नंदा, दोन बाजूंनी भद्रा, तीन बाजूंनी जया आणि चारही बाजूंनी विजया, अशी शास्त्रात त्यांची नावं. वालूरची बारव वेगळी. तिच्या पायऱ्या सरळ उतरत नाहीत, गोल भिंतीच्या कडेकडेने वळसे घेत पाण्याकडे जातात. सरळ जिना खोलवर न्यायचा तर तेवढाच लांब खड्डा काळ्या दगडात खणावा लागतो. इथे जिनाच विहिरीभोवती गुंडाळला, म्हणजे जागा वाचली आणि खोदाईही. भिंतीला हात लावून उतरायचं. पायरीगणिक हवा गार होते आणि वरून हाक मारणाऱ्या मित्राचा आवाज घुमून येतो.

असा घाट दुर्मीळ. गुजरातेत चांपानेरला एक आहे. इटलीतल्या ओर्व्हिएतोची विहीर जगप्रसिद्ध. 1527 मध्ये पवित्र रोमन सम्राट पाचवा चार्ल्स याच्या फौजांनी रोम लुटलं, पोप सातवा क्लेमेंट ओर्व्हिएतोला पळाला आणि वेढा पडला तर पाणी हवं म्हणून त्याने ती खोदायला घेतली. तिथे 248 पायऱ्यांचे दोन जिने, एक उतरायला, एक चढायला. पाणी वाहणारी खेचरं एकमेकांना आडवी येत नाहीत. तिकीट काढून लोक ती बघतात. वालूरची बारव मात्र गाळाने आणि झुडपांनी भरली होती. गावकऱ्यांनीच ती मोकळी केली.

बारवा ओस पडल्या त्याचा सगळा दोष आपण नळाला आणि बोअरला देतो. नारू हा जंताचा रोग मात्र विसरतो. नारूचा रोगी पायऱ्या उतरून पाण्यात पाय घाली, जखमेतून जंताच्या अळ्या पाण्यात जात, त्या बारीक जलकीटकांच्या पोटात शिरत आणि तेच पाणी गाव पिई. म्हणून नारू निर्मूलनात अशा विहिरींवर पहिली नजर गेली, कित्येकांच्या पायऱ्या बंद झाल्या. 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. तेव्हा बारवेचं कौतुक करताना हेही आठवावं. आणि प्रत्येक जातीच्या पायाला या पायऱ्या मोकळ्या नव्हत्या, हेही.

अलीकडे रोहन काळे यांच्या महाराष्ट्र बारव मोहिमेने राज्यभरच्या बारवांचा शोध घेतला. महाशिवरात्रीला बारवांमध्ये दीपोत्सव होतो. जमलं तर तेव्हा जा. पावसाळ्यानंतर लगेच गेलात तर शेवाळ सांभाळा. कठडा नसतो. सेल्फी वरूनच काढलेली बरी.

मुंबईहून रात्रीच्या देवगिरी एक्सप्रेसने सकाळी सेलूला उतरा, तिथून वालूरला वाहन मिळतं. हातात आणखी दिवस असेल तर जिंतूर तालुक्यातलं चारठाणा गाठा. गुप्तेश्वराचं कोरीव मंदिर आणि तिथलीही बारव पाहायला अर्धा दिवस पुरत नाही. जिंतूरजवळच नेमगिरीची जैन लेणी आहेत. डिसेंबर-जानेवारीत गेलात तर एखाद्या शेतकऱ्याशी आधीच बोलून ठेवा, हुरड्याचा बेत जमून जाईल.