गाड्यापुढच्या घोडीवर पुन्हा बसताना

जुन्नर-आंबेगावकडे बैलगाडा शर्यतीच्या घाटात, म्हणजे चढाच्या धावपट्टीवर, एका गाड्याची बारी सुटते तेव्हा लोकांचे डोळे बैलांवर आणि घड्याळावर असतात. गाड्यात कुणीच बसलेले नसते. चार बैल चढाला लागतात आणि त्यांच्यापुढे घोडी धावते, पाठीवर स्वार घेऊन. सगळा खेळ काही सेकंदांचा, पण तेवढ्या वेळात स्वाराला दोन अंदाज एकदम सांभाळावे लागतात. घोडी फार पुढे निघून गेली तर बैलांची ओढ तुटते आणि रेंगाळली तर बैल अंगावर येतात. रेसकोर्सवर जॉकी पडला, तर मागच्या जॉकीला लगाम खेचून घोडा बाजूला काढण्याची निदान संधी तरी असते. इथे मागून येणाऱ्या गाड्यावर कासरा धरायला माणूसच नाही. म्हणून या घाटात जबर मार खाल्लेला स्वार पुन्हा घोडीवर बसायला कचरतो, तेव्हा त्याला भित्रा म्हणणे अन्यायाचे आहे. त्याची भीती खऱ्या धोक्याची आहे. ती दरडावून जात नाही, ती जाण्याची एक रीत आहे आणि ती रीत पाळण्याची जबाबदारी एकट्या स्वाराची नाही, असे माझे म्हणणे आहे.

‘काही होत नाही रे, बस बिनधास्त’ हा आपल्याकडचा नेहमीचा उपाय. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७मध्ये माणसाचा स्वतःवरचा भरवसा कशाकशातून तयार होतो याची मांडणी केली. त्यात सर्वांत बळकट आधार ठरतो तो स्वतः केलेल्या आणि जमलेल्या कामाचा. आपल्यासारख्याच दुसऱ्याला ते जमताना पाहणे हाही एक आधार, आणि लोकांचा धीर त्या मानाने कच्चा. ‘शाब्बास’ने आलेले अवसान पहिल्या धक्क्याला गळते. भीतीच्या आठवणीबद्दलही प्रयोगांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे. सरावाने जुनी भीती पुसली जात नाही, तिच्याशेजारी ‘इथे धोका नाही’ अशी नवी आठवण तयार होते आणि ती बरीचशी त्या जागेपुरती राहते. शेतात निर्धास्त घोडी फिरवणाऱ्या स्वाराच्या छातीत घाटात येताच धडकी भरते, याचे कोडे इथे सुटते. भोंग्यावरचा निवेदक, दोन्ही अंगांची गर्दी, मागे बैल जुंपताना उडणारी झुंबड यांतले शेतात काहीच नव्हते. मग तो गरजेपेक्षा जास्त वेळा मागे वळून बघतो, लगाम आखडतो, घोडीला ते लगेच कळते आणि तिची चाल मोडते. म्हणून सरावाच्या पायऱ्या घाटापर्यंत न्याव्या लागतात. आधी मोकळ्या रानात चाल, मग धाव, मग रिकाम्या घाटात एकटी घोडी, मग गर्दी असताना पण बैलांविना, आणि शेवटी बारी. एक पायरी अंगवळणी पडल्याशिवाय पुढची चढू नये.

यावर जाणती माणसे म्हणतील की आमच्या वाडवडिलांनी पडल्या जागी उठून पुन्हा मांड टाकली, त्यांना कुठे लागल्या होत्या पायऱ्या? या म्हणण्यात तथ्य आहे. फार दिवस लांब राहिले की भीती मुरते, तेव्हा सुरुवात लवकर व्हावी हे खरेच. पण पडून उठलेल्यांच्या गोष्टी गावात सांगितल्या जातात. जे पुन्हा घोडीकडे फिरकलेच नाहीत, त्यांच्या गोष्टी कुणी सांगत नाही. शिवाय डोक्याला मार बसला असेल तर त्याच दिवशी पुन्हा बसणे हे धाडस नव्हे, जिवाशी खेळ आहे. मेंदू सावरण्याआधी बसलेला दुसरा मार पहिल्यापेक्षा घातक ठरू शकतो. जगभरच्या खेळांत अशा खेळाडूला आधी एक-दोन दिवस विश्रांती देतात, मग एकेक पायरी चढवतात, आणि पूर्ण खेळाला डॉक्टरांची परवानगी लागते.

पडून परतलेल्यांची उदाहरणे रेसकोर्सवरही आहेत. ऑस्ट्रेलियाची जॉकी मिशेल पेन २००४मध्ये पडली, तिची कवटी फुटली. २०१५मध्ये मेलबर्न कप जिंकणारी ती पहिली स्त्री ठरली. २०१६मध्ये पुन्हा पडून स्वादुपिंडाला जबर इजा झाली, तरी काही महिन्यांत ती परतली. मला मात्र जॉकी डेक्लन मर्फीचे उदाहरण जास्त मोलाचे वाटते. १९९४मध्ये इंग्लंडमधल्या हेडॉक पार्क रेसकोर्सवर पडून त्याची कवटी अनेक ठिकाणी फुटली आणि तो वाचेल असे डॉक्टरांनाही वाटत नव्हते. दीड वर्षाने तो एका शर्यतीत उतरला, जिंकला, आणि तिथेच थांबला. हाही परतलेला आत्मविश्वासच. बसायचे की नाही, हे भीतीने न ठरवता त्याने स्वतः ठरवले. पण अशी मोकळीक पोटाची चिंता असलेल्याला सहसा मिळत नाही. टिम ब्रुकशॉ आणि पॅडी फॅरेल हे दोन जॉकी पडून अपंग झाले, तेव्हा ब्रिटनमध्ये १९६४मध्ये जखमी जॉकींसाठी निधी उभा राहिला. आज त्यातून त्यांची पुनर्वसन केंद्रेही चालतात.

आपल्याकडे २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली, १६ डिसेंबर २०२१ रोजी परवानगी मिळाली आणि मे २०२३मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. या सगळ्या वादात बैलाचे हाल केंद्रस्थानी होते आणि ते योग्यच होते. स्वाराचा विषय मात्र मागेच राहिला. मधल्या सात वर्षांत मोठ्यांचे बघून शिकण्याची साखळीही ढिली झाली, म्हणून आजच्या तरुण स्वाराला आधाराची गरज जास्त आहे. खर्च कुठून आणायचा, असे यात्रा समित्या विचारतील. बक्षिसांना मोटारसायकली आणि ट्रॅक्टर लावणाऱ्या मैदानांना हेल्मेट, घाटावर डॉक्टर आणि जखमी स्वाराच्या घरी काही महिने पोचेल इतकी रक्कम जड नाही. यात्रांचा हंगाम सरला की घाट मोकळे पडतात. थापलिंगच्या घाटासारखी जागा पावसाआधीचे काही दिवस अशा सरावाला द्यायला हरकत नसावी, आणि एखादा जुना, पडून पुन्हा उभा राहिलेला स्वार तिथे सोबतीला असावा.