यीस्टची गुणसूत्रं : अदलाबदल कुठे, किती आणि का?

पेडणे-डिचोलीत काजूचा हंगाम लागला की बोंडू मळून काढलेला रस आंबत ठेवतात. त्यात वरून यीस्ट घालत नाहीत. सालीवरचं, भांड्यातलं यीस्टच कामाला लागतं आणि मग भाटीवर हुर्राक, फेणी उतरते. हे पाहून वाटतं, यीस्ट फक्त कळ्या फुटूनच वाढतं.

साखर मुबलक असेपर्यंत ते खरंच आहे. पण पावाच्या यीस्टला नायट्रोजन आणि साखर दोन्ही मिळेनाशी झाली, की गुणसूत्रांच्या जोड्या असलेली त्याची पेशी अर्धसूत्री विभाजन करते आणि एका पिशवीत चार बीजाणू बनतात. त्या वेळी दोन पालकांकडून आलेली जोडीदार गुणसूत्रं आपसात तुकडे बदलतात. हाच क्रॉसओव्हर.

‘तो कुठेही, नशिबाने होतो’ हा समज जास्त पक्का आहे. वस्तुस्थिती अशी : स्पो-११ हे प्रथिन डीएनएला दीडशे-दोनशे ठिकाणी काप देतं, तेही बहुतेक जनुकांच्या सुरुवातीच्या मोकळ्या भागात. सगळ्याच कापांचे क्रॉसओव्हर होत नाहीत. साधारण ९० होतात, बाकीचे काप अदलाबदलीविना सांधले जातात. शिवाय एक क्रॉसओव्हर झाला की त्याच्या जवळ दुसरा सहसा होत नाही. फळमाशीत दिसलेल्या या गुणाला हर्मन म्युलर यांनी १९१६ मध्ये ‘व्यत्यय’ म्हटलं.

मग लहान गुणसूत्र उपाशी राहत असेल? इथे हिशेबच करून पाहू. यीस्टची गुणसूत्रं १६, डीएनएची लांबी सुमारे १.२ कोटी अक्षरं. सर्वांत छोटं, पहिलं गुणसूत्र जेमतेम २.३ लाखांचं. लांबीच्या प्रमाणात त्याच्या वाट्याला पावणेदोन क्रॉसओव्हर येतात. सगळं दैवावर असतं, तर दर पाच-सहा विभाजनांत एकदा ते कोरं राहिलं असतं. प्रत्यक्षात तसं क्वचितच होतं, कारण छोट्या गुणसूत्रांवर क्रॉसओव्हर दाट पडतात. पेशीला याची फार गरज असते : क्रॉसओव्हरने बांधली न गेलेली जोडी चुकीची वाटली जाण्याचा धोका मोठा.

‘यीस्टचं यीस्टला, माणसाचा काय संबंध?’ असंही विचारलं जातं. क्रॉसओव्हर पक्का करणारी एमएसएच-४ आणि एमएसएच-५ ही प्रथिनं माणसातही आहेत, आणि त्यांच्या जनुकांतले दोष वंध्यत्वाशी जोडले गेले आहेत. तिरुवनंतपुरमच्या आयसरमध्ये के. टी. निशांत यांचा गट ही जोडी यीस्टमध्येच अभ्यासतो.