क्वांटमच्या वर्गात कोळी!

क्वांटम शिकायचं म्हणजे आधी वहीभर गणित, हा समज ब्रिटनमधल्या पन्नासेक शाळकरी मुलांनी २०२३ मध्ये पार उडवून लावला. बॉब कूका आणि रॉस डंकन यांनी २००८ मध्ये मांडलेल्या ‘झेडएक्स कॅलक्युलस’मध्ये समीकरणांच्या जागी चित्रं असतात. पाय फुटलेले हिरवे-लाल ठिपके, त्यांना म्हणतात ‘स्पायडर’. एकाच रंगाचे दोन कोळी जोडले की त्यांचा एक होतो! मुलं काही आठवडे हे कोळी जोडत बसली आणि मग त्यांनी थेट ऑक्सफर्डच्या पदव्युत्तर प्रश्नांवर बेतलेली परीक्षा दिली. ८० टक्क्यांहून जास्त मुलं पास, त्यातही कितीतरी डिस्टिंक्शनमध्ये. वा रे पठ्ठे!

या क्वांटमचा एक जागतिक दिनही असतो. तो १४ एप्रिललाच का? क्वांटमच्या पायाशी असलेल्या प्लांकच्या स्थिरांकाचे (इलेक्ट्रॉनव्होल्ट-सेकंदात) पहिले आकडे जवळपास ४.१४, आणि अमेरिकी पद्धतीनं तारीख लिहिली की ४/१४. २०२५ हे तर अख्खं वर्षच संयुक्त राष्ट्रांनी क्वांटमला दिलं. तो प्रस्ताव तिथं मांडला होता घानानं.

पण क्वांटम शिकताना सरावाला यंत्र कुठून आणायचं? आयबीएमनं मे २०१६ मध्ये ५ क्युबिटचा (क्युबिट म्हणजे क्वांटम संगणकातला ‘बिट’) क्वांटम संगणक इंटरनेटवरून सगळ्यांना फुकट खुला केला. चीनमधल्या शेनझेनची स्पिनक्यू कंपनी तर टेबलावर मावणारं २ क्युबिटचं यंत्र विकते. मोठं काम त्यानं होत नाही, पण हात बसायला झकास.

आता नोकऱ्या. अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी २१ क्वांटम कंपन्यांशी बोलणं झालं. त्यांना नुसते पीएचडीवाले नकोत. कोडिंग, इलेक्ट्रॉनिक्स आणि बिघाड शोधणं जमणारी माणसंही हवीत. साहजिकच आहे. अनेक क्वांटम चिपा ज्या फ्रिजमध्ये चालतात, तो अवकाशापेक्षा शंभरपट थंड! त्याच्या नळ्या, पंप, व्हॅक्यूम कुणीतरी सांभाळायलाच हवा. आपल्या आयटीआयच्या पोरांपर्यंत ही बातमी अजून का पोचू नये?

भारतानं २०२३ मध्ये ६,००३.६५ कोटींचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं. त्यातलं सेन्सिंग आणि मोजमापाचं केंद्र पवईत, आयआयटी मुंबईकडे आहे. शिवाय एआयसीटीईनं इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी किमान १८ क्रेडिटचा क्वांटमचा ‘मायनर’ आखलाय. मेकॅनिकलवाल्यांनो, तुम्हीसुद्धा या!